थकव्याची वाटणी

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा पहिल्या दिवशी गळ्यात घेतलेली वीणा काल्यापर्यंत जमिनीला टेकत नाही. सात दिवस आणि सात रात्री ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असतेच. मात्र एकाच माणसाच्या गळ्यात ती सात दिवस कधीच नसते. कोणत्या वेळेला कोणाचा पहारा, हे आधीच ठरलेले असते. मध्यरात्रीनंतरचा पहारेकरी डोळे चोळत मंडपात येतो, उभा असलेला वीणेकरी गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम न तुटता पुढे चालू राहते. यात अखंड असते ते नाम. माणूस थकतो, पेंगतो, त्याचे पाय भरून येतात, आणि हे सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेले असते. प्रश्न असा की ही आळीपाळी निव्वळ सोय आहे, की ती त्या उपासनेचाच भाग आहे? एखादा तपस्वी सात दिवस एकटा उभा राहू शकला, तर ते अधिक धार्मिक ठरेल का?

माझे उत्तर असे की आळीपाळी हा धर्माचाच भाग आहे, आणि तो आपण पुरेसा ओळखलेला नाही. मर्यादित शक्तीची माणसे एखादी न थांबणारी गोष्ट चालवायला घेतात, तेव्हा थकवा कोणाच्या वाट्याला किती येतो हा नीतीचा प्रश्न होतो. सेवा कशी करावी, किती निष्काम करावी, यावर आपल्याकडे डोंगराएवढे चिंतन झाले. सेवा केव्हा खाली ठेवावी, दुसऱ्याकडे कशी सोपवावी, यावर त्या मानाने फारच थोडे झाले. ही उणीव नेमकी दाखवून देणारी साक्ष मला एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. ती आहे वायरलेस सेन्सर नेटवर्कच्या अभ्यासात. तिथे भक्ती नाही, पुण्य नाही, मोठेपणाची हाव नाही. मर्यादित शक्तीचे अनेक जण आणि एक न थांबणारे काम, एवढेच आहे. म्हणूनच तिथला हिशेब स्वच्छ दिसतो.

असा एक सेन्सर जवळून पाहू. टेलॉसबी नावाचा, संशोधकांनी बरीच वर्षे वापरलेला नोड तळहातात मावतो. दोन पेन्सिल सेल, एक छोटा प्रोसेसर, एक रेडिओ आणि आर्द्रता किंवा तापमान मोजणारा भाग, एवढाच त्याचा संसार. हे नोड डोंगरउतारावर, जंगलात, शेतात शेकड्यांनी पेरायचे, आणि एकदा पेरले की सेल बदलायला कोणी जाणार नाही असे धरून चालायचे. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विद्यापीठाने दरडींची आगाऊ सूचना मिळावी म्हणून असे जाळे बसवले. २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये आणि २०२३ मध्ये खालापूरजवळची इर्शाळवाडी दरडीखाली गेलेली पाहिलेल्या रायगड जिल्ह्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नोडची बहुतेक शक्ती जाते ती रेडिओवर. टेलॉसबीचा रेडिओ बोलताना साधारण १७ मिलिअँपिअर वीज घेतो आणि ऐकताना साधारण १९. म्हणजे ऐकणे हे बोलण्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच दमवणारे काम आहे. गाढ झोपेत हाच नोड काही मायक्रोअँपिअरवर भागवतो. त्यामुळे ज्याला झोपायला मिळते तो टिकतो, आणि ज्याला सतत इतरांचे ऐकत जागे राहावे लागते तो लवकर संपतो.

दुसरा खर्च अंतराचा. अभ्यासात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका साध्या गणितानुसार यंत्रणा चालवायला एका बिटमागे ५० नॅनोज्यूल लागतात, आणि संदेश दूर फेकण्याचा खर्च अंतराच्या वर्गाने वाढतो. दहा मीटरवरच्या शेजाऱ्याला एक बिट पाठवायला ६० नॅनोज्यूल पुरतात. शंभर मीटरवरच्या मुख्य केंद्राला, म्हणजे बेस स्टेशनला, तोच बिट पाठवायचा तर १०५० लागतात. प्रत्येकाने आपापले थेट केंद्राला कळवायचे ठरवले, तर सर्वांत लांबचे नोड आधी मरतात. म्हणून पहिल्या अभ्यासकांनी उलटा मार्ग धरला: प्रत्येकाने जवळच्याला सांगायचे, त्याने पुढच्याला. आता केंद्राच्या अगदी जवळचे नोड आधी मरू लागले, कारण साऱ्या जाळ्याचे निरोप त्यांच्याच खांद्यावरून जायचे. तिसरा मार्ग गटांचा. दहा-वीस नोडांचा एक गट, त्यात एक गटप्रमुख. त्याने सर्वांचे ऐकायचे, त्याचे सार काढायचे आणि ते लांबच्या केंद्राला पाठवायचे. बाकीचे आपल्या ठरलेल्या क्षणी दोन शब्द बोलून झोपी जातात. हा मार्ग एकूण हिशेबात काटकसरीचा खरा, पण गटप्रमुख कायमचा असेल तर तोच पहिल्यांदा संपतो. तो संपला की गटातल्या सर्वांच्या सेलमध्ये भरपूर शक्ती शिल्लक असूनही सारा गट मुका होतो.

२००० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ नावाची पद्धत मांडली. तिचे सूत्र थोडक्यात असे: गटप्रमुखपद फिरते ठेवायचे. दर फेरीला प्रत्येक नोड स्वतःशीच शून्य ते एक यांमधला एक आकडा काढतो; तो ठरलेल्या उंबरठ्याखाली आला तर त्या फेरीपुरता तो प्रमुख. पाच टक्के प्रमुख हवे असतील तर उंबरठा ०.०५ पासून सुरू होतो. ज्यांनी एकदा भार वाहिला ते पुढच्या काही फेऱ्यांपुरते मोकळे, आणि ज्यांनी वाहिलेला नाही त्यांच्यासाठी उंबरठा दर फेरीला वर चढत जातो. विसाव्या फेरीत तो एकवर पोचतो, म्हणजे तोवर चुकवलेल्याला आता सुटका नाही. त्यानंतर पाटी कोरी करून पुन्हा पहिली फेरी. या रचनेने जुन्या पद्धतींच्या तुलनेत शक्तीचा खर्च आठपटीपर्यंत कमी होऊ शकतो, असे त्यांनी दाखवले. मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती त्यामागची कल्पना. मधली जागा ही मानाची जागा म्हणून इथे कोणी पाहत नाही. ती खर्चाची जागा आहे, आणि तो खर्च सर्वांत वाटला गेला पाहिजे, असे गृहीत धरूनच सारी पद्धत उभी राहते.

माणसांच्या समाजात हे सहज दिसत नाही, कारण मधल्या जागेवर खर्चाबरोबर मानही चिकटलेला असतो. मंडळाचा अध्यक्ष, देवस्थानचा विश्वस्त, गावचा पुढारी हा दहा जणांचे ऐकतो, त्याचे सार काढतो, वर पोचवतो. त्याला हार मिळतात, म्हणून त्याचा थकवा आपल्याला दिसत नाही. आणि त्याला स्वतःलाही तो दिसत नाही, कारण हार सोडवत नाहीत. नोडाला हार कोणी घालत नाही. मान वजा केला की त्या जागेचे जे उरते ते शुद्ध ओझे, आणि मग ते एकावरच का, हा प्रश्न टाळता येत नाही.

या अभ्यासात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो तर उघडच नीतिशास्त्राचा आहे. जाळे मेले असे केव्हा म्हणायचे? पहिला नोड मेला तेव्हा, निम्मे मेले तेव्हा, की शेवटचा मेला तेव्हा? तिन्ही मापे वापरली जातात, आणि कोणते माप घेतले यावर कोणती पद्धत चांगली हे ठरते. सरासरी खर्च कमी करणारी पद्धत पहिल्या मृत्यूच्या मापाने वाईट ठरू शकते. हा निर्णय गणित देत नाही. तो माणसाने आधी घ्यावा लागतो. पहिल्या मृत्यूचे माप म्हणजे सर्वांत आधी थकणाऱ्यावरून साऱ्यांचे भले मोजणे. गांधी-विनोबांच्या भाषेत हाच अंत्योदय.

हे माप भावनेपोटीच निवडावे लागते असे नाही. पेणच्या खारपट्ट्यात त्याचे रोकडे कारण सापडते. धरमतरच्या खाडीला लागून असलेली भातशेती भरतीच्या पाण्यापासून वाचते ती बाहेरकाठ्यामुळे, म्हणजे खाडीकडच्या मातीच्या बांधामुळे. पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर जाते आणि भरतीला उघाडीचे दार खारे पाणी अडवते. या मातीच्या बांधात खेकडे बिळे करतात, बिळातून पाणी झिरपते, माती सुटू लागते आणि एखाद्या उधाणाला तिथेच खांड पडते. बांधाचा बाकीचा भाग कितीही भक्कम असला तरी त्या एका खांडीतून आत शिरलेले पाणी कोणाचे शेत कोणते हे विचारत नाही. सगळ्यांच्याच खाचरांत मीठ बसते आणि पुढची काही वर्षे भात धड पिकत नाही. म्हणून इथे ‘जोळ’ ही रीत होती. बांध सर्वांचा, तेव्हा सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून त्याला माती द्यायची. पुढे बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली, १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा झाला, आणि जोळ मोडत गेली. खांडी मात्र पडतच राहिल्या. दरडीच्या उतारावरचे सेन्सरचे जाळे याच जातीचे आहे. नव्वद नोड जिवंत असून काठावरचा एक मेला, आणि नेमका तिथलाच उतार सरकला, तर नव्वदांचे जिवंतपण खालच्या वाडीच्या काय कामाचे? ज्या सामायिक गोष्टी सर्वांत दुबळ्या जागी तुटतात, त्यांचे भले सर्वांत दुबळ्याच्या शिल्लक शक्तीवरूनच मोजावे लागते.

आता धर्मविचाराकडे येऊ. पेण आणि रोहा हे शेजारचे तालुके. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघेही गीतेतून निघाले, आणि दोघांनाही रॅमन मॅगसेसे पुरस्कार समूह-नेतृत्वासाठी मिळाला: विनोबांना १९५८ मध्ये, आठवल्यांना १९९६ मध्ये. नेतृत्वाचा पुरस्कार मिळालेल्या या दोघांनीही, आपापल्या वाटेने, भार एकावर न ठेवण्याचे प्रयोग केले.

आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारातली ‘योगेश्वर कृषी’ हे त्याचे सर्वांत नेटके उदाहरण. गावात एक शेत देवाचे म्हणून ठरते. गावातले स्वाध्यायी वर्षातले मोजके दिवस आळीपाळीने तिथे राबतात, आणि ते राबणे मजुरी म्हणून होत नाही. त्या दिवसापुरता तो शेतकरी पुजारी असतो. पीक कोणाचेच नाही, म्हणून ते गरजू माणसाकडे प्रसाद म्हणून जाऊ शकते. कोळीवाड्यांत हीच रीत ‘मत्स्यगंधा’ या नावाने आली. होडी सर्वांची, तिच्यावरचे खलाशी पाळीपाळीने बदलतात, पण होडी समुद्रावर जात राहते. कोणाचेही घर त्यापायी बसत नाही, कारण एकेकाच्या वाट्याला येतात ते वर्षातले मोजके दिवस. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे चक्र सांगितले आहे. जो त्यातून घेतो पण ते पुढे फिरवत नाही त्याचे जगणे व्यर्थ, असा त्याचा आशय. चक्र म्हटले की ते एकाच हाताने फिरत राहणे त्याच्या स्वभावातच बसत नाही. योगेश्वर कृषीत हा आशय वेळापत्रकापर्यंत उतरला, हे मला त्या प्रयोगाचे तत्त्वज्ञानातले मोल वाटते.

विनोबांची वाट वेगळी होती. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले, आणि पुढची तेरा-चौदा वर्षे तो माणूस जमीन मागत पायी चालत राहिला. भार स्वतःवर घेण्याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागेल. पण विचार मात्र ते उलट दिशेने मांडत होते. नेत्यांचे युग संपले, यापुढे गणसेवकत्वाचे युग, असे त्यांचे म्हणणे. १९५६ मध्ये पळणीच्या बैठकीनंतर भूदान समित्या विसर्जित झाल्या आणि निधीचा आधारही सोडला गेला. तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती या नावांनी तो निर्णय ओळखला जातो. १९६६ मध्ये त्यांनी सूक्ष्मप्रवेश जाहीर करून स्थूल कामातून अंग काढले आणि १९७० मध्ये पवनारला क्षेत्रसंन्यास, म्हणजे एकाच ठिकाणी राहण्याचे व्रत, घेतला. भार वेळेवर खाली ठेवणे हीही साधना असू शकते, हे त्यांनी आचरणात दाखवले. मात्र समित्या विसर्जित झाल्यावर अनेक ठिकाणी काम मंदावले, हेही खरे. त्याचे कारण सेन्सरच्या हिशेबात स्पष्ट दिसते. गटप्रमुख फिरता ठेवणे ही एक गोष्ट. सगळेच गटप्रमुख एकदम काढून टाकून प्रत्येकाने थेट केंद्राशी बोलावे म्हणणे ही दुसरी. दुसऱ्या रचनेत लांबचे आधी संपतात. मधल्या जागेचा मोह वाईट असेल, मधली जागा वाईट नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नोड हे जड यंत्र. त्याला इच्छा नाही, मोह नाही, त्याग नाही. मग त्याच्यावरून धर्म कसा काढता? आक्षेप बरोबर आहे, आणि मी तसे काढतही नाही. जे आहे त्यावरून जे असावे ते सिद्ध होत नाही. पण पहिल्या मृत्यूचे माप घ्यायचे की शेवटच्या, हे नोड ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. नीती तिथे आधीच शिरलेली आहे. यंत्र करते ते इतकेच, की एकदा माप ठरले की कोणत्या रचनेत कोण आधी संपेल हे ते लपवाछपवी न करता दाखवते. माणसांच्या संस्थांत हे लपते, कारण संपत आलेला माणूस कर्तव्य म्हणून, लाजेपोटी किंवा मानासाठी हसतमुखाने उभा असतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वाटून, मोजून, वेळापत्रकाने केलेल्या सेवेत उत्कटता कुठली? आपल्याकडे आदर्श सेवक चंदनासारखा झिजतो, आणि अशा झिजलेल्या माणसांमुळेच तर समाज उभा राहिला. मला या माणसांविषयी आदर आहे. शंका आहे ती या उपमेविषयी. चंदन झिजते तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेले कोणी मागे राहत नाही. माणूस झिजतो तेव्हा त्याच्या आधाराने उभा असलेला सारा गट मागे राहतो, आणि त्या गटाला स्वतःहून बोलायची सवय लागलेली नसते. अशा सेवकानंतर संस्था ओस पडली, की लोक म्हणतात, त्यांच्यासारखे आता कोणी राहिले नाही. खरे तर त्यांच्यासारखे दुसरे कोणी होऊ नये अशीच ती रचना होती. स्वतः थकणे हा फार तर आपला खासगी निर्णय. पण आपल्या थकण्यात इतरांचे मुके होणे सामील असेल तर तो खासगी राहत नाही. उत्कटतेचे म्हणाल, तर आपला एक पहारा जीव ओतून करणारा माणूस आयुष्यभर कुंथत भार वाहणाऱ्यापेक्षा कमी उत्कट असतो, असे मानायला मला कारण दिसत नाही.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. सगळ्यांना सगळे जमत नाही. ज्याला सुकाणू धरता येत नाही त्याच्या हाती पाळी आली म्हणून होडी द्यायची का? स्वधर्म आणि अधिकारभेद हे विचार याच जाणिवेतून आले. पहिल्या ‘लीच’वर अभियंत्यांनीही हीच टीका केली: ती चिठ्ठी काढताना कोणाच्या सेलमध्ये किती शिल्लक आहे हे पाहत नाही. २००४ मध्ये ओसामा युनिस आणि सोनिया फहमी यांनी ‘हीड’ ही पद्धत मांडली. तिच्यात ज्याची शिल्लक शक्ती अधिक त्याची प्रमुख होण्याची शक्यता अधिक. त्याच वर्षीच्या ‘सेप’ या पद्धतीत मुळातच मोठा सेल घेऊन आलेल्याला अधिक वेळा भार उचलावा लागतो. तेव्हा समान वाटणी म्हणजे समान दिवस असा हट्ट नाही. वाटणी शक्तीच्या प्रमाणात असू शकते. पण दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली, इथे अधिक शक्तीतून निघते ते अधिक ओझे. अधिक हक्क त्यातून निघत नाही. दुसरी, ‘हीड’ जी शक्ती मोजते ती आजची, या फेरीची, आणि दर वेळी नव्याने. जन्माने एकदाच ठरलेला अधिकार या हिशेबात कुठेच बसत नाही.

याच ठिकाणी माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बोचरा पुरावा उभा राहतो. महाराष्ट्राच्या गावगाड्यात आळीपाळी होतीच. महारवाड्यात येसकरपाळी असे. गावाची वेठ, निरोप, राखण, मेलेले ढोर ओढणे ही कामे महारांची घरे पाळीने करीत. आतल्या आत वाटणी अगदी नीट होती. म्हणजे आळीपाळी आणि अन्याय सुखाने एकत्र नांदू शकतात. या कामांना बांधून ठेवणारे महार वतन माणसाला गुलाम करते हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले; कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. या पुराव्याने माझे म्हणणे कोसळत नाही, पण त्याला एक अट जोडली जाते, आणि ती अट मूळ विधानाइतकीच महत्त्वाची आहे. पाळी कशी फिरते हे विचारण्याआधी ती कोणाकोणांत फिरते हे विचारले पाहिजे. ‘लीच’च्या गणितात जाळ्यातला प्रत्येक नोड चिठ्ठी काढतो, आणि विसाव्या फेरीपर्यंत कोणीही सुटत नाही. येसकरपाळीत उंबरठा फक्त एका वाड्यासाठी होता. बाकीच्या गावाचा उंबरठा कायम शून्य. हीच कसोटी आजच्या सप्ताहालाही लागते. मंडपातल्या वीणेचे पहारे वाटलेले असतात. पण त्या आठवड्यात पाहुण्यारावळ्यांसाठी घरोघर चुलीपुढे जो पहारा चालतो तो कोणत्याच तक्त्यावर नसतो, आणि तो बहुधा ठरावीक बायकांच्याच वाट्याला येतो.

चौथा आक्षेप गुरूचा. चिठ्ठ्या काढत बसण्यापेक्षा ज्याला सर्व दिसते त्यानेच ठरवावे, कोण काय करील ते. अभियंत्यांकडे याचीही नोंद आहे. हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांनीच २००२ मध्ये मांडलेल्या ‘लीच-सी’ या प्रकारात प्रत्येक नोड आपली जागा आणि शिल्लक शक्ती बेस स्टेशनला कळवतो आणि बेस स्टेशन गटप्रमुख निवडते. निकाल मूळ ‘लीच’पेक्षा चांगले येतात. धर्माच्या भाषेत ही शरणागतीची रचना झाली: आपले सगळे त्याला सांगावे आणि तो ठेवील तसे राहावे. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण आकडे त्याच्या बाजूने आहेत. पण ते आकडे एका गृहीतावर उभे आहेत. बेस स्टेशनला भिंतीतली वीज असते. ते थकत नाही, आणि त्याची पाळी कधीच येत नाही. भक्ताच्या दृष्टीने ईश्वर असाच आहे. योगेश्वर कृषीतले पीक देवाचे म्हणून ठरले, याचे कारण हेच असावे: पाळी लावणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरी ते जाऊ नये. घोटाळा होतो तो त्या अक्षय जागेवर माणूस बसवला की. गुरू, महंत, संस्थापक हे सेलवर चालणारे आहेत. त्यांना न थकणारे मानणे ही त्यांची पूजा वाटते, पण तो त्यांच्यावरही अन्यायच आहे, आणि त्यांच्यामागे येणाऱ्यांवर तर अधिकच.

आठवल्यांचा स्वाध्याय आणि विनोबांचा सर्वोदय या दोन्ही चळवळींच्या इतिहासातून मला हेच दिसते. तळाच्या कामात भार फार सुंदर वाटला गेला. शिखरावर मात्र दीर्घकाळ एकेकच व्यक्ती राहिली. २५ ऑक्टोबर २००३ रोजी आठवले गेले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्न-औषध सोडून विनोबा गेले. दोघांनंतरही आता पुढे कोण, हा प्रश्न अनुयायांना जड गेला. यात त्या दोघांच्या थोरवीला उणेपणा येत नाही. शेतात आणि होडीवर जे शहाणपण उतरले ते शिखरापर्यंत नेण्याची हिंमत समाजाला झाली नाही, एवढेच यातून दिसते; आणि तो समाज आपणच आहोत.

तेव्हा सेवेच्या धर्मात एक कलम वाढवावे असे मला वाटते. निष्कामता तपासताना आपण फळाची आस सुटली का हे विचारतो. त्याबरोबर जागेची आस सुटली का हेही विचारावे, आणि त्याचे उत्तर मनात न शोधता नियमावलीत शोधावे. देवस्थान असो, गणेशोत्सव मंडळ असो, बांधाची समिती असो, पद देतानाच ते केव्हा सुटणार आणि पुढच्याला कोण शिकवणार हे लिहून ठेवले पाहिजे. मधल्या जागेवरून उतरलेल्याला चढणाऱ्याइतकाच मान मिळाला पाहिजे. आणि दरवर्षी हिशेब मांडताना पैशाच्या जमाखर्चाबरोबर आणखी एक नोंद असावी: या वर्षी सर्वांत जास्त कोण थकले, आणि पुढच्या वर्षी त्याला विश्रांती कशी मिळेल. ज्या संस्थेला हे नाव सांगता येत नाही, तिला आपण कोणाच्या जिवावर चाललो आहोत हे ठाऊक नाही असे समजावे. तिच्या कामाला कितीही पवित्र नाव दिले असले तरी.